बहिष्कार आणि पालथे भिक्षापात्र



बहिष्कार हा शब्द आपण शब्दकोशातून शिकलेलो नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो अंगावर झेलला आहे. गावच्या दुकानदाराने मीठ-मिरची द्यायचे बंद केले, शेतमालकाने मजुरी बंद केली, शेतातून जाणारी वाट बंद केली. पाणी तर आधीपासून बंदच होते. हे सारे एका रात्रीत एका वस्तीवर कोसळले म्हणजे गाव त्याला बहिष्कार म्हणत असे. 3 एप्रिल 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपले पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याचे नाव त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ असे ठेवले. त्या एका नावात आपला सारा इतिहास मावला होता.

आज तोच शब्द नवा प्रश्न घेऊन आपल्या दारात उभा आहे. जठारपेठेत काय किंवा अमरावतीत काय, घरातली शिकलेली मुले म्हणतात : अमुक वाहिनीवर रोज रात्री माणसामाणसांत विष कालवणारा कार्यक्रम चालतो. तो कार्यक्रम जाहिरातींच्या पैशावर चालतो. तेव्हा त्याला जाहिरात देणाऱ्या कंपनीचा साबण, तेल, बिस्किटे आपण घेऊ नयेत. मुलांचे हे म्हणणे ऐकून घरातली वडील माणसे थबकतात. ज्या शस्त्राने आपण घायाळ झालो, तेच शस्त्र आपण हाती घ्यावे काय? आणि घेतले, तर आपल्यात आणि त्या गावात फरक तो काय राहिला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नवदीक्षित कुटुंबाने तर त्याचा विचार अवश्य करावा. कारण पंचशील हे केवळ विहारात म्हणायचे नसून बाजारातही पाळायचे असते.

साबणाच्या वडीतला रुपया

प्रथम व्यवहार समजून घेऊ. टीव्हीवरची बातमी किंवा चर्चा आपल्याला फुकट मिळते असे वाटते, पण ते खरे नाही. केबलचे किंवा डिशचे पैसे आपण भरतोच. शिवाय कंपनी जाहिरातीवर जो खर्च करते तो ती साबणाच्या किमतीत धरते. म्हणजे तोही आपणच भरतो. आणि कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात याचा अंदाज देशातील निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढला जातो. तो आकडा मोठा असेल तर जाहिरातीचा भाव चढा. भांडण जितके मोठे, आरडाओरड जितकी जोरात, तितके डोळे जास्त. डोळे जास्त म्हणून भाव जास्त. अशा रीतीने द्वेषाला बाजारभाव येतो, आणि त्या बाजारातला एक रुपया आपल्या घरातून गेलेला असतो.

बाबासाहेबांना हे फार पूर्वी दिसले होते. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या भाषणात त्यांनी वृत्तपत्रसृष्टीवर कठोर टीका केली. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, तो आता धंदा झाला आहे, आणि साबण तयार करण्यात जेवढी नैतिक जबाबदारी असते त्याहून अधिक त्यात उरलेली नाही, अशा आशयाचे ते बोलले. साबणाची ही उपमा आज अक्षरशः खरी ठरली आहे. पूर्वी पत्र साबणासारखे विकले जात होते. आज साबण विकण्यासाठीच कार्यक्रम तयार होतो.

जाहिरात ही निर्जीव, निष्पाप वस्तू कधीच नव्हती. 1920 साली ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. जाहिरात कोणाची घ्यायची आणि कोणाला द्यायची, यात छापणाऱ्याची आणि देणाऱ्याची नीती उघडी पडते, हे आपल्या चळवळीला तेव्हापासून ठाऊक आहे.

एका वर्षातील चार गोष्टी

आता 2020 या एकाच वर्षातील चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहू.

त्या वर्षी साथ आली आणि दिल्लीच्या मरकजमध्ये जमलेल्या लोकांवरून वाहिन्यांनी एका संपूर्ण समाजाला रोग पसरवणारा ठरवले. त्यानंतर देशात ठिकठिकाणी मुसलमान भाजीवाल्याकडून भाजी घेऊ नका, असे सांगणारे लोक निघाले. हातगाडीवरच्या गरीब माणसाची त्या दिवसाची भाकर त्यामुळे गेली. ही पहिली गोष्ट.

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाला, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. पण तोवर भाजीवाल्याच्या गाडीवरची भाजी सुकून गेली होती. ही दुसरी.

ऑक्टोबर 2020 मध्ये पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितले, की आमच्या कंपनीने तीन वाहिन्यांना जाहिराती द्यायच्या नाहीत असे ठरवले आहे. समाजात विष पसरवणाऱ्या गोष्टींशी आमचे नाव जोडले जाऊ नये. मुंबईच्या पारले कंपनीकडूनही त्याच सुमारास सांगण्यात आले, की आक्रमक, विषारी मजकूर दाखवणाऱ्या वृत्तवाहिन्यांवर आम्ही जाहिरात करणार नाही. ही तिसरी.

आणि त्याच महिन्यात तनिष्क या दागिन्यांच्या कंपनीने एक जाहिरात दाखवली. मुसलमान सासर हिंदू सुनेचे डोहाळजेवण तिच्या माहेरच्या रीतीने करते, एवढीच तिची कथा. तिच्याविरुद्ध बहिष्काराची हाक उठली. 13 ऑक्टोबरच्या सुमारास कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि भावना दुखावल्याचे व दुकानातील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण दिले. ही चौथी.

पहा, शस्त्र एकच. एका ठिकाणी त्याने गरिबाची भाकर हिरावली, एका ठिकाणी द्वेषाचा पैसा रोखला, एका ठिकाणी सासू-सुनेच्या प्रेमाचे चित्र पुसून टाकले. परदेशातही असेच घडले आहे. 1981 साली अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी आपल्याला अनैतिक वाटणाऱ्या कार्यक्रमांच्या जाहिरातदारांवर बहिष्काराची धमकी दिली. तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या बलाढ्य कंपनीने सुमारे 50 कार्यक्रमांतून आपण अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये 2016 पासून नागरिकांची एक मोहीम स्थलांतरितांविरुद्ध द्वेष छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या जाहिरातदारांना जाब विचारत आली आहे. शस्त्र चालते यात शंका नाही. पण ते कोणाच्या हाती आहे हे शस्त्र पाहत नाही. ते पाहणे आपले काम आहे.

तथागतांच्या संघाने पात्र पालथे केले

या बाबतीत धम्म आपल्याला काही सांगतो काय? सांगतो, आणि फार नेमके सांगतो.

विनयपिटकातील चुल्लवग्गात वड्ढ नावाच्या लिच्छवीची हकीकत आहे. काही भिक्षूंच्या चिथावणीवरून त्याने दब्ब मल्लपुत्त या शीलवान भिक्षूवर खोटा आळ घेतला. दब्बाने माझ्या पत्नीला भ्रष्ट केले, असे तो सांगू लागला. तथागतांनी काय केले? प्रथम संघ एकत्र बोलावला आणि सर्वांसमक्ष दब्बाला विचारले. खरे काय ते पडताळून पाहिले. आरोप खोटा ठरल्यावर त्यांनी संघाला सांगितले : वड्ढापुढे आपले भिक्षापात्र पालथे करा. याचा अर्थ, त्याच्या घरचे दान संघ घेणार नाही. भिक्षूंचे नुकसान करू पाहणारा, त्यांना शिवीगाळ करणारा, त्यांच्यात फूट पाडणारा असा जो गृहस्थ असेल, त्याच्यासाठी हा उपाय सांगितला आहे.

आता त्यातली बारीक गोष्ट लक्षात घ्या. संघाने वड्ढाचे अन्न बंद केले नाही, पाणी बंद केले नाही, वाट बंद केली नाही. संघाने फक्त आपला हात मागे घेतला. त्याच्याकडून आम्ही काही घेणार नाही, एवढेच संघ म्हणाला. भदंत आनंदांनी स्वतः जाऊन वड्ढाला हा निर्णय सांगितला. लपूनछपून काही झाले नाही. वड्ढाला धक्का बसला, त्याने आपली चूक कबूल केली, तथागतांची क्षमा मागितली. आणि संघाने पात्र पुन्हा सुलटे केले. ज्या दिवशी खोटे थांबले त्या दिवशी बहिष्कार संपला.

हे केवळ जुन्या काळचे आख्यान नव्हे. ब्रह्मदेशात 1990 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये भिक्षूंनी तेथील लष्करी राज्यकर्त्यांपुढे भिक्षापात्रे पालथी केली. बंदूकधारी सरकारला त्या रिकाम्या पात्रांची भीती वाटली.

याच्या शेजारी आपल्या गावचा बहिष्कार ठेवून पाहा. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. तिच्या 1930 च्या अहवालात बहिष्काराची कारणे दिली आहेत : अस्पृश्याने सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला, जमीन घेतली, चांगले कपडे घातले, नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात काढली. यात अपराध कोठे आहे? माणूस माणसासारखा वागला हाच अपराध. म्हणूनच त्या बहिष्काराला शेवटही नव्हता. जन्म काही बदलता येत नाही. गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अशा बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली. त्यासाठी ब्रह्मदेशातील 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यातील तरतुदींचा त्यांनी आधार घेतला. पुढे 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही त्यांनी ती मागणी सोडली नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 साली विधिमंडळाने संमत केला आणि 2017 साली तो अमलात आला. आज माणसावर असा बहिष्कार टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तेव्हा एक शब्द असला तरी गोष्टी दोन आहेत. दुसऱ्याची भाकर काढून घेणे ही एक, आणि दुष्कृत्यातून आपला रुपया काढून घेणे ही दुसरी. पहिलीविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले. दुसरी म्हणजे पालथे भिक्षापात्र.

आपली कसोटी काय असावी?

पात्र पालथे करण्यापूर्वी उपासकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

मी हे कोणाच्या जन्माविरुद्ध करतो आहे की कोणाच्या कृत्याविरुद्ध? मालक अमुक जातीचा, अमुक धर्माचा म्हणून त्याचा माल नको, असा विचार मनात आला की समजावे, आपण त्या गावच्या चावडीवर जाऊन बसलो.

मी स्वतः पडताळले आहे काय? केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून, सगळे म्हणतात म्हणून, सांगणारा आपल्याला पूज्य आहे म्हणून मानू नका. आज मोबाइलवर येणाऱ्या निरोपांना हे शंभर टक्के लागू आहे. कार्यक्रम स्वतः पाहिला नाही, जाहिरात खरोखर त्याच कार्यक्रमात होती की नाही ठाऊक नाही, आणि कंपनीचे नाव मात्र चार ठिकाणी पाठवून दिले, तर तो मुसावाद होय. खोट्याविरुद्धची लढाई खोट्याने सुरू झाली तर ती तेथेच हरली.

हे कधी संपणार? 5 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमध्ये बसणे सोडले. 381 दिवस ते पायी चालले. आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी, 1956 च्या डिसेंबरात, वेगवेगळ्या आसनांचा नियम रद्द झाला. आणि तेच लोक त्याच बसमध्ये पुन्हा चढले. त्यांचे वैर नियमाशी होते, बसशी नव्हते. कंपनीने जाहिरात काढली की तिचा साबण पुन्हा घरात आला पाहिजे. नाही तर तो बहिष्कार नसून सूड आहे.

आणि शेवटची, सर्वांत अवघड कसोटी. आक्षेपार्ह म्हणजे काय? भावना दुखावल्या हे कारण फार निसरडे आहे. तनिष्कच्या जाहिरातीने ज्यांच्या भावना दुखावल्या, त्यांच्या भावना खऱ्याच होत्या; पण त्या जाहिरातीने कोणा माणसाचे काय वाईट झाले? कालामांना तथागतांनी मापही दिले होते. ज्यातून लोभ, द्वेष, मोह वाढतो आणि प्राण्याचे अहित होते, ते टाका. तेव्हा आपण विचारायचे ते एवढेच : या कार्यक्रमामुळे कोणा माणसाला उद्या रस्त्यावर अपमान, मार किंवा उपासमार सोसावी लागेल काय?

ही कसोटी आपल्यावरही लावली पाहिजे. उद्या एखाद्या चर्चेत कोणी आपल्या चळवळीवर टीका केली, बाबासाहेबांच्या एखाद्या मताशी मतभेद दाखवला, तर आपले रक्त तापेल. पण टीकेला उत्तर द्यावे. त्यासाठी पात्र पालथे करू नये. बाबासाहेबांनी टीकेला ग्रंथ लिहून उत्तरे दिली. मात्र कोणी एखाद्या समाजाला जन्मानेच घाणेरडा, चोर किंवा देशद्रोही म्हणून रोज रंगवत असेल, तर ती टीका नव्हे. आणि तो समाज आपला नसला तरी पात्र पालथे करावे. केवळ आपल्याविषयी वाईट बोलले तेव्हाच जागा होणारा उपासक अजून पुरता जागा झालेला नाही.

काही शंका

कोणी म्हणेल, आमच्या एका साबणाने कंपनीचे काय बिघडणार? कदाचित काही बिघडणार नाही. पण तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले आहे. आपण पाहतो ते आपला हात कोठे आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागत म्हणाले, तेव्हा एका उपासकाने सोडल्याने जगातला विषाचा व्यापार थांबेल असे ते म्हणाले नाहीत. उपासकाने आपले हात त्यातून काढावेत, एवढेच सांगितले. शिवाय कंपनी पत्र वाचते. साबण मुकाट्याने सोडला तर कंपनीला कळत नाही. दोन ओळी लिहून कारण सांगितले तर कळते.

दुसरा म्हणेल, कायदा आहे, न्यायालय आहे, आपण कशाला? खरे आहे, आणि तो मार्ग आधी धरावा. 5 जानेवारी 2021 रोजी औरंगाबाद खंडपीठाने निर्णय दिला, की चमत्काराचा दावा करून टीव्हीवर यंत्रे-ताईत विकणाऱ्या जाहिराती 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर आहेत. एका जागरूक नागरिकाच्या याचिकेवर हे घडले. पण सगळे असत्य कायद्याच्या चिमटीत सापडत नाही. जेथे कायदा संपतो तेथे शील सुरू होते.

तिसरी शंका माताभगिनींची असते, आणि ती मोलाची आहे. कंपनीचा माल खपला नाही तर मोठ्या साहेबाचे काय जाणार? जाईल ते कारखान्यातल्या हंगामी मजुराचे, माल पोचवणाऱ्या पोराचे. त्यांत आपलीच लेकरे आहेत. म्हणून माल सोडणे हा शेवटचा उपाय ठेवावा. आधी पत्र, मग वाट पाहणे, मग दुसरे पत्र. आणि मागणी एवढीच, की अमुक कार्यक्रमातील जाहिरात थांबवा. कंपनी बुडावी ही इच्छा मनात नको.

घरातून सुरुवात

रात्री तोच कार्यक्रम चवीने पाहायचा आणि सकाळी त्याच्या साबणावर बहिष्कार टाकायचा, हे ढोंग आहे. जाहिरात डोळ्यांच्या मागे जाते. पहिला बहिष्कार टीव्हीच्या बटनावर पडला पाहिजे. तो वेळ मुलांच्या अभ्यासाला, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या दोन पानांना द्यावा.

मग कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. कोणता कार्यक्रम, का, त्यात काय बोलले गेले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मुलांनी पत्र लिहावे, मोठ्यांनी वाचावे. त्यात शिवी नको, धमकी नको. जठारपेठेतल्या किराणा दुकानदाराने तो माल ठेवला म्हणून त्याच्याशी भांडू नये; त्या बिचाऱ्याने गिऱ्हाईक पाहून माल भरलेला असतो. शेजारच्या घराने आपले ऐकले नाही तर त्याला नावे ठेवू नयेत. सक्तीचा बहिष्कार हा चावडीचा बहिष्कार होय. विहारात विषय काढावा, समजावून सांगावे, आणि ज्याला पटेल त्याने करावे.

आणि कंपनीने चूक सुधारली तर तिला तसे कळवावे, आभार मानावेत. पात्र पालथे करण्याइतकेच ते सुलटे करणेही धम्माचे आहे. आपल्या पूर्वजांपुढे गावाने जे दार लावले ते पिढ्यान्‌पिढ्या उघडले नाही. आपण लावलेल्या दाराला मात्र बाहेरूनही उघडता येईल अशी कडी असली पाहिजे. तेवढी असेल तर हे शस्त्र हाती धरताना आपल्याला शरमायचे कारण नाही.

भवतु सब्ब मंगलम्!

जठारपेठ, अकोला